बैठक आहे, पण विचार सलग राहत नाही : अभ्यासिकेतून दिसलेले

नारायण_पेठ_अभ्यासिका (धागाकर्ता)

नारायण पेठेत आमची एक लहान अभ्यासिका आहे. दोन मजले, ६४ टेबले. पहाटे पाचला दार उघडते आणि रात्री अकराला बंद होते. येथे बसणारी बहुतेक मुले राज्यसेवेची तयारी करतात आणि बीड, लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा जिल्ह्यांतून आलेली असतात. १८ वर्षे हे काम करताना जो शब्द मी सर्वांत जास्त वेळा ऐकला तो ‘बैठक’, म्हणजे एका जागी तासन्‌तास बसून अभ्यास करण्याची सवय. ‘त्याची बैठक पक्की आहे’, ‘माझी अजून जमत नाही’ असे मुले चहाच्या टपरीवर बोलतात, आणि नव्या मुलाला जुनी मुले पहिला सल्ला देतात तोही हाच, की पुस्तकांची यादी नंतर कर, आधी बैठक लाव.

पूर्वी बैठक मोडली की ती मोडलेली दिसत असे. मुलगा उठायचा, जिन्यात उभा राहायचा, टपरीवर जाऊन यायचा. आज कोणाचे चित्त थाऱ्यावर नाही हे मला दारापाशी बसून सांगता येत असे. गेल्या पाच-सहा वर्षांत उठणारी मुले कमी झाली, आणि प्रथम मला त्याचे समाधान वाटले. नंतर लक्षात आले की उठण्याची गरजच उरलेली नाही. टपरी, जिना, मित्र आणि सिनेमा हे सगळे आता टेबलावर, पुस्तकाशेजारी पालथे ठेवलेले असते. एका संध्याकाळी मी एका अतिशय गुणी मुलाच्या मागच्या टेबलावर रजिस्टर लिहीत बसलो होतो. अर्ध्या तासात त्याने अकरा वेळा फोन उचलला, आणि त्यातील बहुतेक वेळा तो वाजलेलाही नव्हता.

हा धागा काढण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांशी पर्याय निवडण्याची होती. ती वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला, २०२३ च्या सुरुवातीला त्याविरुद्ध पुण्यात मुले रस्त्यावर उतरली, अंमलबजावणी पुढे गेली आणि २०२५ पासून नवे स्वरूप लागू झाले. आता एकूण ९ पेपर आहेत आणि त्यांतला निबंधाचा पेपर २५० गुणांचा, तीन तासांचा आहे. म्हणून आम्ही दर रविवारी सकाळी मुलांना निबंध लिहायला बसवतो आणि ते कागद मी स्वतः वाचतो. मी परीक्षक नाही, पण इतकी वर्षे मुलांचे लिखाण डोळ्यांखालून गेल्यावर काही गोष्टी कळू लागतात.

माहिती कमी नाही. उलट माझ्या वेळच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ‘महाराष्ट्रातील पाणी’ या विषयावर एका मुलाने पहिल्याच पानावर १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी, उसाचे क्षेत्र, ठिबक सिंचन, भूजलाची घसरण आणि नदीजोड हे सारे आणले होते. प्रत्येक वाक्य बरोबर होते. परंतु एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. मी त्या आठवड्याचे सगळे कागद पुन्हा काढून पाहिले आणि मला जाणवले की ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘मात्र’, ‘एवढे असूनही’ असे जोडणारे शब्द जवळजवळ नाहीतच. ऊस पाणी खूप घेतो हे लिहिले आहे. कारखान्याला उसाची किमान किंमत द्यावीच लागते हेही दुसऱ्या पानावर आहे. पण ‘पाणी कमी आहे, तरीही शेतकरी ऊसच लावतो, कारण दर आधी ठरलेला असणारी पिके त्याच्यापुढे फारशी नाहीत’ हे वाक्य कोणी लिहिलेले नाही. ते लिहायचे तर पाण्याची गोष्ट मनात धरून ठेवून दराची गोष्ट आठवावी लागते, आणि ती धरून ठेवण्याची शक्तीच क्षीण झाल्यासारखी वाटते.

माझे म्हणणे असे आहे की आपण तासांची बैठक मोजतो, परंतु खरी बैठक एका वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकायची असते आणि फोन नेमका तेथे घाव घालतो. हे वयोमानाने आलेले कुरकुरणे आहे की त्यात तथ्य आहे, हे शिकवणाऱ्यांनी, मानसशास्त्र जाणणाऱ्यांनी आणि विशेषतः तरुण सभासदांनी सांगावे.


शिक्षिका_कर्वेनगर

अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. तुमचे ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ वाचून मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. मागणीचा नियम सर्वांना पाठ आहे. पण किंमत वाढूनही मिठाची मागणी का घटत नाही, हे तीन वाक्यांत समजावणारी मुले वर्गात मोजकीच निघाली. बाकीच्यांनी व्याख्या लिहिली, उदाहरण लिहिले, आणि दोहोंमधली जागा रिकामी ठेवली.

मला मात्र मुलांच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे. आज बारावीत असलेली मुले २०२० मध्ये सहावी-सातवीत होती. त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळाच फोनमधून घरात आली. ज्या वयात मूल गोष्टीच्या पुस्तकाकडून जाड पुस्तकाकडे वळते, त्या वयात आम्ही शिक्षकांनीच त्यांना सांगितले की फोन समोर ठेवा, तोच तुमचा वर्ग आहे. शिकवणे चालू असताना त्याच काचेवर मैत्रिणीचा निरोपही येत होता. त्या दोन वर्षांत त्यांनी काय गमावले, याचा हिशेब आपण कधी नीट मांडलाच नाही, आणि आता त्यांनाच चंचल म्हणतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय पिसा चाचणी होते, तिच्या २०२२ च्या फेरीत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितले की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल साधनांमुळे आपले लक्ष विचलित होते. भारत त्या फेरीत नव्हता. पण माझ्या वर्गाकडे पाहता तो आकडा मला परका वाटत नाही.


जुना_वाचक_शनिवारपेठ

माझे मत थोडे निराळे आहे. १९७२ मध्ये मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यातून चित्रे आमच्या वाड्यात पोहोचली, तेव्हा आमच्या मास्तरांनी हेच शब्द वापरले होते. वाड्यातला एकमेव संच बघायला आम्ही वीस मुले दाटीने बसत असू आणि तरीही आमच्यातून डॉक्टर, प्राध्यापक झालेच. प्रत्येक पिढीला पुढची पिढी उथळ वाटते. आपण घाई करीत नाही ना, एवढेच मला विचारायचे आहे.


मानसशास्त्र_अभ्यासक

जुन्या वाचकांची शंका रास्त आहे, म्हणून पुरावा कितपत भक्कम आहे ते सांगतो.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढू. ‘माणसाचे लक्ष आता सोनेरी माशापेक्षाही कमी, म्हणजे आठ सेकंद टिकते’ हे विधान पालकसभांतून आणि व्हॉट्सॲपवरून सर्रास फिरते. त्यामागे कोणतेही विश्वसनीय संशोधन नाही. ते कोणी या धाग्यावर आणू नये अशी विनंती आहे, कारण खोट्या आकड्यांवर उभी केलेली काळजी पहिल्याच प्रश्नाला कोसळते आणि मग खऱ्या काळजीकडेही कोणी लक्ष देत नाही.

प्रत्यक्ष मोजलेले जे आहे त्यात कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन येथील विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांचे काम महत्त्वाचे आहे. संगणकावर काम करणारी माणसे एका पडद्यावर सरासरी किती वेळ राहतात हे त्यांनी अनेक वर्षे मोजले. २००४ च्या सुमारास तो वेळ साधारण अडीच मिनिटांचा होता. अलीकडच्या मोजण्यांत तो ४७ सेकंदांच्या आसपास आला. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ही मुख्यतः कामावरची प्रौढ माणसे आहेत. आणि पडदा लवकर बदलणे म्हणजे लक्ष देण्याची क्षमताच नष्ट होणे नव्हे, तर सवय बदलणे असू शकते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळणारे विद्यार्थी नको असलेली माहिती गाळण्यात आणि एका कामातून दुसऱ्यात जाण्यात मागे पडलेले दिसले. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम बराच क्षीण निघाला. २०१७ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी दाखवले की फोन बंद असला, पालथा असला, तरी केवळ टेबलावर असल्याने बुद्धीच्या चाचणीतील कामगिरी उतरते, आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवला की सुधारते. या निष्कर्षाचीही पुनर्तपासणी संमिश्र आहे. शिवाय मुळातच ज्याचे मन चंचल आहे तो फोन जास्त वापरतो, की फोन जास्त वापरल्याने मन चंचल होते, हे केवळ सर्वेक्षणांतून सुटत नाही.

एवढे मान्य करूनही धागाकर्त्यांच्या अकरा वेळांकडे मी गंभीरपणे पाहीन. एका कामातून दुसऱ्या कामात गेल्यावर मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. मुलगा फोन पाच सेकंदांत खाली ठेवतो. पण पुस्तकावर परततो तो पूर्ण परतत नाही. आपल्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे विचार करताना आपण ज्या गोष्टी मनात धरून ठेवतो त्या जागेत, एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात. त्यातली एक जागा कोणीतरी न दिलेल्या उत्तराने अडवलेली असेल, तर पाणी, ऊस आणि दर या तिन्ही गोष्टी एकत्र धरणे खरोखरच कठीण आहे. तुमच्या निरीक्षणाचे मूल्य मला येथे दिसते, कारण बहुतेक चाचण्या सेकंद मोजतात आणि तुम्ही वाक्यांमधले सांधे पाहिलेत.

दूरदर्शनविषयी म्हणाल, तर तो संच वाड्यात एकच होता, त्याचा कार्यक्रम ठराविक वेळी संपत असे, आणि तो तुमच्या दप्तरात बसून शाळेत येत नव्हता. माझ्या मते हा फरक लहान नाही.


खराडीचा_संगणक_अभियंता

मी ॲप बनवणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून कारखान्याच्या आतली बाजू सांगतो. पूर्वी पान खाली गेले की संपत असे आणि पुढचे पान मागावे लागे. ती जागा छोटी होती, पण तेथे माणूस क्षणभर थांबून ‘आता पुरे’ म्हणू शकत होता. २००६ मध्ये ॲझा रॅस्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना तयार केली आणि थांबण्याची ती जागा नाहीशी झाली. पुढे स्वतः त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होणे हाही त्याच जातीचा बदल आहे.

दुसरी गोष्ट अनिश्चित बक्षिसाची. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते की दाणा कितव्या टोचणीला मिळेल हे ठरलेले नसेल, तर पक्षी सर्वांत चिकाटीने टोचत राहतो. प्रत्येक रील चांगली निघाली असती, तर मुलाचे मन लवकर भरले असते. दहातली एकच मनाला भिडते, आणि ती कोणती हे आधी कळत नाही, म्हणून अंगठा थांबत नाही. न वाजलेला फोन उचलण्याचे कारण हेच आहे.

भारतात हे फार वेगाने घडले. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला; जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, आणि त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामने रील्स, तर सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स येथे सुरू केले. म्हणजे शाळा बंद असताना, फोन हातात असताना, हा सर्वांत छोट्या तुकड्यांचा प्रकार मुलांपुढे आला. आमच्या बैठकांत ‘वापरकर्ता किती वेळ थांबला’ हा आकडा रोज पाहिला जातो. तो थांबला तेव्हा त्याचे काय राहून गेले, हा आकडा कोणत्याही तक्त्यात नसतो. मी या क्षेत्रात १२ वर्षे आहे आणि हे लिहिताना मला वाईट वाटते.


केजचा_विद्यार्थी

काका, मी तुमच्या अभ्यासिकेत नाही, शेजारच्या गल्लीत बसतो. पण तो अकरा वेळा फोन उचलणारा मुलगा मीही असू शकतो. म्हणून आमची बाजू मांडतो.

आमच्यासाठी फोन हा केवळ करमणुकीचा नाही. क्लासची फी परवडत नाही म्हणून यूट्यूबवरची व्याख्याने ऐकतो. चालू घडामोडींच्या नोट्स टेलिग्रामवर येतात. मेसचे पैसे फोनवरून जातात, आयोगाच्या सूचना फोनवरच कळतात, आणि घरून आईचा फोन कधी येईल सांगता येत नाही. वडिलांना मागच्या वर्षी दवाखान्यात न्यावे लागले तेव्हा मी फोन लॉकरमध्ये ठेवला होता आणि मला चार तासांनी कळले. त्यानंतर मी तो कधीच लांब ठेवू शकलेलो नाही. तो वाजला नाही तरी मी पाहतो, त्याचे हेही एक कारण आहे, आणि ते कोणत्याही प्रयोगात आलेले मला दिसले नाही.

दुसरे म्हणजे एकटेपणा. सहा जणांच्या खोलीत राहूनही तो असतो. तीन वर्षे निकाल येत नाही, गावी विचारतात, लग्नाचे विचारतात. दुपारी तीन वाजता पुस्तकातल्या ओळी पुढे सरकत नाहीत तेव्हा रील पाहणे म्हणजे मजा नसते, तर डोके थोडा वेळ आपले नसावे एवढीच इच्छा असते. मात्र वीस मिनिटांनी जे डोके परत मिळते ते आधीपेक्षा जड झालेले असते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

‘तरीही’ या शब्दाबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला लागले. मी काल रात्री माझी निबंधाची वही तपासली. अठरा निबंधांत तो शब्द मला चार वेळा सापडला. आम्ही वाचतो तेच तुकड्यांत वाचतो : एका ओळीचा मुद्दा, खाली दुसऱ्या ओळीचा मुद्दा, शेवटी ‘महत्त्वाचे’ असा शिक्का. दोन मुद्द्यांमधला रस्ता आम्हाला कोणी दाखवलेलाच नाही, म्हणून सगळा दोष फोनवर टाकू नये असे मला वाटते. दहा वर्षे आम्ही पर्यायांवर गोल काळे करायला शिकलो आहोत.


शिक्षिका_कर्वेनगर

केजच्या विद्यार्थ्याचा शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे पटला, आणि तो आम्हा शिक्षकांवर येतो. परीक्षेत एका वाक्यात उत्तरे, मार्गदर्शकांत चौकटीतले मुद्दे, आणि आता क्लासची साठ सेकंदांची चित्रफीत. तुकडे करण्याची सुरुवात फोनने केली नाही. त्याने ते काम फार सोपे आणि फार गोड केले.

मी या सत्रात एक करून पाहते आहे. तासाची पहिली पंधरा मिनिटे एकच उतारा, छापील कागदावर, सर्वांनी मनात वाचायचा आणि मग वही मिटून आपल्या शब्दांत लिहायचा. पहिल्या आठवड्यात मुले चौथ्या-पाचव्या मिनिटाला मान वर करीत. आता सहावा आठवडा चालू आहे आणि बहुतेक जण शेवटपर्यंत वाचतात. लिखाणात फार फरक पडला आहे असे मी अजून म्हणणार नाही.


कडेगावकर_सध्या_पुणे

सांगली जिल्ह्यात आमच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवण्यास सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. सुरुवातीला घरोघर जाऊन समजावावे लागले. त्यातले मर्म असे की नियम मुलांपुरता नव्हता; बापाच्या हातातलाही फोन खाली जात होता. शहरात एवढी एकी होणे अवघड आहे, पण अभ्यासिका हे एक छोटे गावच आहे.


मानसशास्त्र_अभ्यासक

कडेगावकरांनी सांगितलेले फार मोलाचे आहे. ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. म्हणजे काकांच्या अभ्यासिकेत दोन-चार वर्षांनी येणारी मुले ही सवय घेऊनच येणार आहेत. एकट्याच्या निर्धारावर हे सोपवणे मला अन्यायाचे वाटते. ज्या खोलीत कोणाच्याच हाती फोन नाही तेथे निर्धार फारसा खर्चच होत नाही.


नारायण_पेठ_अभ्यासिका (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मला आधी काही करून पाहायचे होते.

केजच्या विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून मला माझी एक चूक कळली. दोन वर्षांपूर्वी मी फोन लॉकरमध्ये ठेवण्याची सक्ती केली होती आणि ती महिनाभरात मोडली. मुले बेशिस्त आहेत असे मी तेव्हा मानले. घरून येणाऱ्या फोनची भीती त्यांच्या पोटात असते हे कोणीही मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

या वेळी वरच्या मजल्यावरची २४ टेबले फोनविना ठेवली आहेत आणि तेथे बसणे ऐच्छिक आहे. खाली माझ्या टेबलावर जुना लँडलाइन पुन्हा सुरू करून घेतला. जो वर बसेल त्याने तो क्रमांक घरी द्यायचा. फोन आला की मी किंवा माझी मुलगी जिना चढून त्याला बोलावणार, मग रात्रीचे दहा वाजले असले तरी. वर बसणाऱ्यांचे फोन ज्या पेटीत ठेवतो, त्याच पेटीत सकाळी माझा स्वतःचा मोबाइलही जातो. पहिल्या दिवशी नऊ मुले वर गेली. काल एकोणीस होती.

गेल्या रविवारच्या निबंधांत फार मोठा फरक दिसला असे म्हणणे खोटे ठरेल. विषय ‘शहरांकडील स्थलांतर’ हा होता, आणि बहुतेकांनी पुन्हा मुद्द्यांची रास घातली. आता आम्ही एवढेच बदलले आहे की लिहून झाल्यावर प्रत्येकाने आपला कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि शेजाऱ्याने दोन वाक्यांमध्ये जेथे जोड तुटली आहे तेथे पेन्सिलीने फक्त ‘का?’ लिहायचे. पहिल्याच दिवशी एका कागदावर चौदा ‘का?’ आले आणि तो मुलगा दुपारचे जेवण सोडून ते भरत बसला होता.

लँडलाइन आतापर्यंत तीन वेळा वाजला. दोन वेळा सहज चौकशी होती. तिसऱ्या वेळी नांदेडहून एका आईने विचारले की मुलाला बोलावू नका, तो वर बसला आहे ना, एवढेच सांगा.